ज्या मागाला जो वेळ

मोजदाद करायची म्हणून शनिवारी दुपारपासून शेडमधले माग बंद ठेवले होते आणि मल्लाप्पाला काही सुचत नव्हतं. वडगावातलं त्याचं सगळं आयुष्य त्या खडखडाटात गेलेलं. त्या आवाजातच तो जेवायचा, झोपायचा. थोरला भाऊ देवाप्पा गेला तेव्हा भेटायला आलेल्या माणसांशी तो बोलला होता तेही ओरडूनच, कारण माग बंद ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. आता शेडमध्ये नुसत्या चिमण्या चिवचिवत होत्या. तो उगीच एका मागापासून दुसऱ्या मागापर्यंत जाई, ताण्याच्या उभ्या सुतावरून हात फिरवी आणि परत येऊन दारातल्या बाकावर बसे.

"अण्णा, सुतक पडल्यागत काय बसलायसा?" धाकट्या तम्मण्णानं आतून हाक दिली. "या की बघायला. खोली तयार झाली."

खोली म्हणजे त्यांच्या वडिलांची, भावकूंची, बाहेरची बैठक. सत्तर सालाच्या सुमाराला हे घर म्हणजे जमिनीत खड्डा करून बसवलेले चार हातमाग आणि ही गादी, एवढाच धंदा होता. व्यापारी गादीवर बसायचे, भावकू त्यांच्यापुढं साडी उलगडून हवेत उडवायचे. आता, सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर, गादी गेली होती. भिंतींना तेलरंग लागला होता, खिडकीला घट्ट काच बसली होती आणि काचेत गार हवेचं यंत्र घरघरत होतं. मध्ये एक रिकामं टेबल. कॉम्प्युटर मंगळवारी बेंगलोरहून यायचा होता, पण उंबऱ्याबाहेर चपला काढायची पद्धत आधीच पडली होती.

तम्मण्णानं हे सगळं आणलं होतं. तो बाजार बघायचा. पुणं, सोलापूर, हुबळी इथले व्यापारी त्याचे. मल्लाप्पा माग बघायचा, शेडमधले यंत्रमाग आणि वडगाव-अनगोळात घरोघरी बसवून दिलेले हातमाग. आणि देवाप्पाची बायको, दुर्गाबाई, रंग बघायची. कुठल्या काठाला कुठल्या रंगाचं अंग द्यायचं हे तिच्याशिवाय कुणी ठरवत नसे. देवाप्पा गेल्यावर लोकांना वाटलं होतं, आता वाटण्या होणार. झाल्या नाहीत.

कॉम्प्युटरसाठी धंदा तयार करायला गुरुराज नावाचा तरुण दोन आठवडे त्यांच्याकडंच राहिला होता. मूळचा धारवाडचा, कामाला बेंगलोरला. मराठी बोलायचा, पण मध्येच कन्नड वळण घ्यायचं. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ह्या मशीनला स्वतःला काही कळत नाही बघा. तुम्ही पढवाल तेच म्हणणार. चूक पढवली तर चूकच म्हणणार, फक्त लई झटकन म्हणणार."

पढवायचं काय, तर प्रत्येक साडीला एक नाव, प्रत्येक मागाला एक नंबर, आणि कुठल्या मागावर कुठल्या साडीला किती दिवस लागतात ते. म्हणजे व्यापाऱ्याचा फोन आला की मशीन सांगणार, तुमचा माल अमुक तारखेला. नावांवरच आठवडा गेला. एकाच साडीला शेडमध्ये गुंजकाठी म्हणत, तम्मण्णा बाजारात तिला राजकाठी म्हणून विकत असे, आणि दुर्गाबाई तिला 'सासूबाईंची' म्हणे, कारण ती तिच्या सासूनं काढलेली. शेवटी गुंजकाठी ठरलं. दुर्गाबाई म्हणाली, "तुमी कागदावर काय बी लिवा. मी माझंच म्हणणार."

नावं संपली. आता दिवस सांगायचे राहिले होते आणि ते मल्लाप्पानं सांगायचे होते. रोज तो म्हणायचा, उद्या बसू.

रविवारी सकाळी सगळे सोप्यात जमले. चहा झाला. भडंगाची परात मध्ये होती. गुरुराजनं कागद पसरले आणि तेवढ्यात माडीचा जिना वाजला. सत्यवती खाली येत होती. तम्मण्णाची ही लेक बी. कॉम. होऊन टिळकवाडीतल्या क्लासात कॉम्प्युटर शिकून आली होती. मशीन तीच चालवणार होती. कालपासून ती माडीवरचा साठा मोजत होती. तिच्या हातांत जुन्या धोतरात बांधलेलं एक मोठं गाठोडं होतं.

"अण्णा, कोपऱ्यातल्या कपाटात मिळालं हे. कुठल्या ऑर्डरचं म्हणून लिहू?" तिनं मल्लाप्पाला विचारलं.

तिनं गाठ सोडली. आत लग्नाच्या साड्या होत्या. हातमागाच्या, रुंद काठाच्या, जरीचा भरलेला पदर. डाळिंबी, मोतिया, हिरवी, आणखी एक हिरवी. आठ-नऊ तरी असतील. एकही नेसलेली नव्हती.

मल्लाप्पानं हातातली कपबशी खाली ठेवली.

गुरुराजनं अगदी सरळ मनानं विचारलं, "सर, हा माल तुमच्या धंद्यातला की वेगळा? वेगळा असला तर मी वेगळं खातं उघडतो."

वेगळा हा शब्द त्या घरात तेव्हा कुणी उच्चारायला नको होता. मागच्याच वर्षी शहापुरात एका घरात शेडच्या मधोमध भिंत उभी राहिली होती. सुरुवात झाली होती ती एका भावानं बाजूला ठेवलेल्या मालापासून. तम्मण्णा साड्यांकडं बघत राहिला. मग त्यानं भावाकडं बघितलं, आणि काही विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर मल्लाप्पाला बरं वाटलं असतं. तो विचारत नाही, म्हणजे त्याच्या मनात आलंय, हे मल्लाप्पाला कळलं.

"पोरी, ते जिथं होतं तिथं ठेव जा," तो म्हणाला. "त्याला नंबर घालू नकोस."

"नंबर न घालता कसं चालंल, अण्णा?" तम्मण्णाचा आवाज बेताचाच होता. "हितनं पुढं घरातली सुई बी नंबराशिवाय ऱ्हायची न्हाय, असं आपणच ठरवलंय न्हवं?"

"तू ठरवलंयस."

"बरं. मी ठरवलंय. पण हे काय हाय, ते तरी सांगा."

दुर्गाबाईनं हात पुढं करून डाळिंबी साडी ओढली, काठ उलटा केला, पाठीमागची बाजू डोळ्यांजवळ नेली.

"ही भरमूची," ती म्हणाली. "काठाची उलटी बाजू अशी साफ दुसऱ्या कुणाची येत न्हाय." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "आणि हा रंग मी काढलेला. पुण्याच्या लग्नाला. डाळिंबी अंगाला सोनसळी काठ, ती ही."

"ती कशी असंल?" तम्मण्णा म्हणाला. "ती मी स्वतः गाडीवरनं उतरवून नेऊन दिली. लग्नाच्या आदल्या दिवशी, धावत पळत."

"तू दिलीस ती दुसरी," मल्लाप्पा म्हणाला. "ही पहिली. ही लग्न झाल्यावर आली."

आता सांगणं भाग होतं. त्यानं सांगितलं ते खाली बघत, परातीतले शेंगदाणे एका बाजूला करत करत.

भरमूमामा हा त्या घराचा सगळ्यात जुना विणकर. देवाप्पाला आणि मल्लाप्पाला त्यानंच मागाच्या खड्ड्यात बसवून धोटा टाकायला शिकवलं. त्र्याहत्तरच्या आसपास सुताची टंचाई झाली, तेव्हा एकेक विणकर घर बंद करून इचलकरंजीला गेला. भरमू तेवढा गेला नाही. मिळेल ते सूत विणत राहिला. तेव्हापासून लग्नाची साडी म्हटली की ती भरमूच्या मागावर, हे ठरूनच गेलं. पण दोन-तीन वर्षांपूर्वी त्याचा हात थरथर कापायला लागला. विणणं बिघडलं नाही, कारण चुकलेली ओळ तो सोडत नसे. उलगडायचा, परत विणायचा. त्यामुळं साडी अजूनही देखणी यायची, फक्त लग्न होऊन गेल्यावर यायची.

"मग मी तसलीच साडी अनगोळच्या जयाबाईकडनं घाईनं विणून घ्यायचो," मल्लाप्पा म्हणाला. "ती जायची गिऱ्हाइकाला. मामाची मागनं आली की माडीवर. पुढच्या हंगामात कुठंतरी घुसडू म्हणायचो."

"आणि मला सांगायचासा, वीज गेलती."

"व्हय."

"जरीची रिळं आली न्हाईत. रंग उतरला. ताणा तुटला."

"व्हय रं तम्मा."

तम्मण्णाच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. भावानं वेगळं काही मांडलेलं नव्हतं. आणि मगच त्याला राग आला.

"पुण्याच्या दुकानात त्या मुलीची आई येऊन बसलेली, अण्णा. तीन दिस रोज येत होती. मी तिला सांगितलं, आज सांजच्या गाडीनं येतंय. गाडी आली, तिच्यात काय न्हवतंच. दुसऱ्या दिवशी परत तेच सांगितलं. ती बाई मला कायसुदिक बोलली न्हाय. नुसती बघत बसायची. मला वाटायचं, धरणी फाटावी. तुमी भरमूमामाची लाज राखलीसा. माझी कुणी राखायची?"

"तुझी गाडी चुकली तरी तू दुसरी धरतोस. मामा कुठं जाईल?"

"म्हणून मी खोटं बोलत फिरायचं? हे मशीन मी कशापायी आणतोय, तुमाला वाटतंय मोठेपणा मिरवायला? मला फोनवर एकदा खरी तारीख सांगायची हाय. बास. एवढंच पायजे मला."

मल्लाप्पानं दुर्गाबाईकडं बघितलं. ती आपल्या बाजूनं बोलेल याची त्याला खात्री होती. टंचाईच्या त्या दिवसांत भरमूच्या घरी भाकरी घेऊन तीच जायची.

"भरमूसाठी केलंस ते मी असते तरी केलं असतं," ती म्हणाली. मल्लाप्पाचा जीव भांड्यात पडला. पण ती थांबली नव्हती. "जयाबाईला काय सांगितलंस?"

"तिला काय सांगायचं? काम दिलं, मजुरी दिली."

"ती श्रावणात माझ्याकडं आलती. म्हणाली, आक्का, एकदा तरी लग्नाची साडी मला पहिल्यापासनं द्या. घाईची नको. निवांत विणते, बघा कशी होतीय. मी काय म्हणाले ठावं हाय? म्हणाले, तुझा हात अजून बसला न्हाय गं. कारण मला तूच तसं सांगितलंवतंस, मल्लाप्पा."

मल्लाप्पाला ते आठवलं. रंग निवडताना वहिनीनं जयाबाईचं सहज विचारलं होतं आणि लग्नाचं काम मामाकडंच राहावं म्हणून त्यानं सहज उत्तर दिलं होतं.

"त्या पुण्याच्या पोरीनं जयाबाईची साडी नेसून लगीन केलं," दुर्गाबाई म्हणाली. "आणि मी तिला तोंडावर सांगितलं, तुझा हात बसला न्हाय. ती खाली मान घालून गेली. आता मी तिच्यापुढं कुठल्या तोंडानं जाऊ?"

गुरुराज कागद आवरायला लागला. घरातल्या बोलण्यात आपण बसलोय याचा त्याला संकोच वाटत होता.

सत्यवतीनं त्याचा हात थांबवला. "सर, तुम्ही लग्नाच्या साडीला सगळ्या मागांवर सारखेच आठ दिवस धरलेत ना?"

"हौदु, होय. सगळ्यांना एकच. सोपं पडतं."

"प्रत्येक मागाला वेगळा वेळ घालता येईल?"

त्यानं डोकं खाजवलं. "येईल. प्रोग्राम बदलावा लागेल, दोन दिवस जातील. पण मग प्रत्येकाचा खरा वेळ सांगायला पाहिजे. अंदाजानं सांगून चालणार नाही."

सगळ्यांनी मल्लाप्पाकडं बघितलं.

"शेडमधल्या मागांचा आत्ता सांगतो," तो म्हणाला. "घरोघरच्या मागांचा मी एकट्यानं कसा सांगू? ज्याचा हाय त्याला विचारायला पायजे." तो उठला, कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवल्या. "आधी मामाकडं जाऊन येतो."

"मी येऊ?" तम्मण्णानं विचारलं. राग अजून उतरला नव्हता, पण विचारलं.

"नको. माझंच हाय ते."

भरमूचं घर मागच्या गल्लीत. दारातूनच मागाचा आवाज यायचा, एक ठोका, मग जरा थांबून दुसरा. त्याची बायको सुलाबाई उंबऱ्याशी बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. "मल्लू आलाय बघा," तिनं आत सांगितलं. कारखान्याच्या मालकाला मल्लू म्हणणारी आता ही दोनच माणसं उरली होती.

भरमू खड्ड्यात कमरेपर्यंत बसला होता. मागावर हिरवी साडी होती. येत्या महिन्यातल्या एका लग्नाची.

"तुमचं मिशन आलं व्हय?" त्यानं विचारलं. "आता तेच विणणार म्हणं."

"न्हाय मामा. ते नुसतं सांगणार, कुठल्या मागावर काय चाललंय."

"ते तू सांगतोसच की."

मल्लाप्पा भिंतीला टेकून बसला. गावातली चार इकडची तिकडची बोलणी झाली. मग म्हणाला, "मामा, ह्या हिरवीला किती दिस लागतील?"

धोटा थांबला.

"हे तू कवा विचारलं न्हाईस, मल्लू."

"विचारायला पायजे होतं."

आणि त्यानं सांगितलं. सकाळी घरात जे सांगितलं तेच, पण इथं शेंगदाणे नव्हते, त्यामुळं हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. माडीवरच्या कपाटाचंही सांगितलं. जयाबाईचं नाव सांगितलं. सुलाबाईच्या चरख्याचा आवाज कधीच बंद पडला होता.

भरमूचा हात मागावरच्या साडीवर पसरला होता, आणि त्याचं कापणं तो लपवत नव्हता.

"हिकडनं वरात गेली की ही म्हणायची, बघा, नवरी तुमचीच साडी नेसून चाललीय. मी बी उठून दारात यायचो बघायला." तो थांबला. "ह्या दोन-तीन वर्सांत एक बी न्हवती व्हय माझी?"

मल्लाप्पानं नाही म्हणून मान हलवली.

"आणि तुला वाटलं, म्हाताऱ्याला सांगू नये."

"मामा, मला वाटलं..."

"सुले, ह्याला पाणी दे. आणि मल्लू, पाणी पिऊन तू जा."

"ऐका तरी..."

"जा म्हटलं न्हवं."

सुलाबाईनं तांब्या दिला. मल्लाप्पा उभ्या उभ्या पाणी प्याला आणि बाहेर पडला. गल्लीच्या टोकापर्यंत तो कान देऊन चालला. मागाचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही.

सोमवारी सकाळी घरमागवाले सगळे बोलावले होते. खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला. रिकाम्या टेबलाशी सत्यवती आणि गुरुराज, बाजूला दोघे भाऊ. सुरुवातीला माणसं बिचकत होती. एकानं छाती पुढं काढून सांगितलं, पाच दिस. त्याची बायको मागून म्हणाली, "पाच दिसांत ह्यांचं ताणं बी जोडून हुईत न्हाय." हशा पिकला. दुसऱ्यानं भीतीपोटी महिना सांगितला. तेव्हा तम्मण्णा उठून उभा राहिला.

"कुणाचं काम काढून घ्यायला हे विचारत न्हाय," तो म्हणाला. "जेवढं लागतंय तेवढं सांगा. कमी न्हाय, जास्त न्हाय. मी बाजारात तेवढीच तारीख देणार. ज्याला लवकर पायजे त्यो दुसरीकडं जाईल, जाऊ दे."

मल्लाप्पानं धाकट्याकडं वळून बघितलं. गिऱ्हाईक जाऊ दे, असं तम्मण्णाच्या तोंडून त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

मग सांगणं सोपं झालं. एक बाळंतीण म्हणाली, पोर तान्हं हाय, पंधरा दिस धरा. सत्यवतीनं पंधरा लिहिले. एक जण म्हणाला, पावसाळ्यात माझ्या घरात ओल येते, ताणा फुगतो, त्या दिवसांत काम नको. गुरुराज हळू आवाजात सत्यवतीला म्हणाला, "आता पावसाळापण घालायचा मशीनमध्ये?" ती म्हणाली, "घाला."

दुपार होत आली. फक्त भरमूची जागा रिकामी होती. मल्लाप्पा सारखा दाराकडं बघत होता. 'मी सांगतो' म्हणायची त्याची छाती होत नव्हती.

भरमू आला तो धुतलेला सदरा आणि टोपी घालून. दाराशी त्यानं चपला काढल्या, आत येऊन टेबलाकडं बघितलं.

"मिशन कुठाय?"

"उद्या येतंय मामा," तम्मण्णा म्हणाला.

"मग ह्या टेबलापुढं चपला काढतायसा सगळे?"

माणसं हसली. भरमू हसला नाही. तो सत्यवतीच्या समोर बसला.

"लिही पोरी. भरमू. एका साडीला बावीस दिस. हात कापतोय, त्यामुळं उलगडून परत विणतो. चुकलेलं मी सोडत न्हाय, हे बी लिही."

गुरुराजनं विचारलं, "कुठली साडी? लग्नाची?"

"न्हाय. तारीख असलेलं काम मला नको आता." त्यानं ते अगदी शांतपणे म्हटलं, पण मल्लाप्पाला मान खाली घालावी लागली. "बिनतारखेचं काय हाय का तुझ्या कागदात, बघ."

सत्यवतीनं गुरुराजकडं बघितलं. तो म्हणाला, "तारखेची जागा रिकामी सोडली की मशीन पुढं सरकत नाही. अडकतं."

"मग अडकणार न्हाय असं करा," तम्मण्णा म्हणाला. "आपल्या घरच्या साठ्याचा माल म्हणून घाला. मामानं विणायची, झाली की झाली. आणि माडीवरच्या साड्यांना बी नंबर द्या. मामाच्याच नावानं. चांगलं गिऱ्हाईक आलं की मी काढून दाखवीन."

भरमूनं मान हलवली. उठताना त्याचा तोल जरासा गेला. मल्लाप्पानं हात पुढं केला, पण भरमूनं टेबलाची कड धरली. दाराशी चपला घालता घालता तो पाठमोराच म्हणाला, "ती अनगोळची कोण? घर ठावं हाय न्हवं तुला?"

"जयाबाई. हाय की."

"चल मग."

दोघं अनगोळपर्यंत पायी गेले. मल्लाप्पा भरमूच्या चालीनं चालत होता, आणि भरमू ती चाल मुद्दाम आणखी हळू करतोय की काय, असं त्याला मध्येच वाटून गेलं. जयाबाईला काय सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता. वहिनीनं तुला जे सांगितलं ते माझ्यामुळं. तुझा हात बसलाय, कधीचाच बसलाय. लग्नाचं काम आता तुझ्या नावावर, पहिल्यापासनं, निवांत वेळ देऊन. एकही वाक्य धड लागत नव्हतं.

जयाबाई मागावर होती. चाळिशीतली, बारकी, केस डोक्यावर करकचून बांधलेली. दोघांना अचानक दारात बघून ती उठायला लागली.

"बस, बस," भरमू म्हणाला. "मी भरमू. वडगावचा."

तिला नाव माहीत होतं. माग चालवणाऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं असं नाही. ती पदर सावरून तशीच अर्धवट उभी राहिली.

"जयाबाई," मल्लाप्पानं सुरुवात केली, "मी तुझ्याबद्दल वहिनीला खोटं सांगितलंवतं. तुझा हात..."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आहे की आणखी काही, ते त्याला कळेना. "आक्कांनी काल सांजच्याला निरोप धाडलाय," ती म्हणाली. "त्या सवता येणार हायत."

म्हणजे वहिनीनं त्याची वाट बघितली नव्हती.

तोवर भरमू मागाजवळ उकिडवा बसला होता. त्यानं काठावरून अंगठा फिरवला, खाली वाकून उलटी बाजू बघितली, पुन्हा वर आला.

"बरं हाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "लई बरं हाय. पण डावा काठ वढतोय जरा. दिसतंय न्हवं?"

"दिसतंय. पण जाईना काय केल्या. मी लई बघितलं."

"फणी मारताना तू खांदा खाली टाकतीस. दोन्ही हातांनी नको मारू. थांब."

तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि पाय आत सोडले. ती बाजूला सरकली. त्याचा हात कापत होता, ते तिनं बघितलं. त्यानं तिचाच हात धरून धागा ठोकायच्या फणीवर ठेवला आणि एक ठोका मारून दाखवला. मग दुसरा.

"आता तू."

तिनं मारला. त्यानं मान हलवली, "पुन्हा," म्हणाला. दोघं काठावर वाकले, डोक्याला डोकं लागेल इतके जवळ.

मल्लाप्पा दारात उभा होता. दोन-तीन वर्षं ह्या दोन घरांची गाठ पडू नये म्हणून तो कुठं कुठं उभा राहिला होता. इकडचं तिकडं कळू न देता, दोघांचंही बरं चाललंय असं स्वतःला समजावत. काहीतरी बोलावं म्हणून तो एक पाऊल पुढं सरकला.

"अण्णा," जयाबाई मागावरची मान न उचलता म्हणाली, "उजेड अडवतायसा. जरा बाजूला व्हा की."